पाण्याखालचा हिशेब

गेल्या महिन्यात पवनारचे चार तरुण ओपीडीत आले. आजारी कोणीच नव्हते. चौघेही धाम नदीत पोहायला शिकलेले, अंगापिंडाने धडधाकट. दिवाळीनंतर मालवणजवळ तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा रीतसर कोर्स करायचा, आणि जमलेच तर पुढच्या हंगामात भर समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर बुडी मारायची, असा त्यांचा बेत होता. कोर्सआधी द्यायचा वैद्यकीय फॉर्म सोबत होता आणि त्याखाली डॉक्टरची सही हवी होती.

फॉर्ममध्ये प्रश्नांची मोठी यादी होती. दमा आहे का, कानाचा पडदा कधी फाटला होता का, फिट येते का, छातीचे ऑपरेशन झाले आहे का. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे सगळे कशाला विचारतात, असे त्यांच्यापैकी एकाने विचारले. शंका रास्त होती. हे प्रश्न कोणा कारकुनाने टेबलाशी बसून तयार केलेले नाहीत. त्यातल्या बऱ्याचशा प्रश्नांमागे कोणीतरी स्वतःच्या शरीरावर करून पाहिलेला प्रयोग आहे, आणि त्या प्रयोग करणाऱ्यांत एक नाव फार ठळक आहे. जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन, म्हणजेच जे. बी. एस. हाल्डेन. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते जनुकशास्त्रज्ञ म्हणून माहीत असतात. पाणबुड्यांवर त्यांचे केवढे ऋण आहे, हे मात्र डॉक्टरांनाही सहसा ठाऊक नसते. मृत्यूच्या वेळी ते भारताचे नागरिक होते, हेही आपण विसरलो आहोत.

आधी आंग्रिया बँकेविषयी थोडे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रवाळांचे पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी १५. ते बेट नव्हे. त्याचा माथाही पाण्याखाली साधारण २० मीटरवर आहे. आपल्याकडच्या शेतातली विहीर चाळीस फूट खोल धरली, तर अशी दीड विहीर एकावर एक ठेवल्यावर जेवढी खोली होईल, त्याहून थोडे अधिकच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना हात धरून काही मीटर खाली नेतात आणि मासे दाखवून वर आणतात, तो प्रकार निराळा आणि हा निराळा.

समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. पाठीवरच्या टाकीतून तेवढ्याच दाबाची हवा मिळते, म्हणूनच तिथे श्वास घेता येतो. (ही साधी, कोरडी, दाबून भरलेली हवा असते. आपली वृत्तपत्रे तिला हटकून ऑक्सिजनची टाकी म्हणतात. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी वीस मीटरवर गेले तर काय होते ते पुढे येईलच.) हवेत चार पंचमांश नायट्रोजन. तीनपट दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत अधिक विरघळतो. माणूस घाईने वर आला की दाब एकदम उतरतो आणि गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होते तसे शरीरात होते. बुडबुडे सांध्यात अडकले तर असह्य दुखते, मज्जारज्जूत अडकले तर पाय जातात.

एकोणिसाव्या शतकात पुलांच्या पायासाठी नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत काम करणारे कित्येक मजूर असे लुळे झाले, काही मेले. कारण नायट्रोजनचे बुडबुडे आहेत, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले. पण किती खोल गेल्यावर किती हळू वर यायचे, याचा हिशेब कोणाकडे नव्हता. तो मांडला जॉन स्कॉट हाल्डेन यांनी, आपल्या जे. बी. एस. यांच्या वडिलांनी.

हे वडील म्हणजे अजब वल्ली. खाणींतल्या स्फोटांनंतर कामगार मरतात ते बहुतेक कार्बन मोनॉक्साइडने, हे त्यांनी खाणीत उतरून, प्रेतांचे रक्त तपासून सिद्ध केले. विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचना त्यांचीच. विषारी हवा स्वतः हुंगून पाहायची, परिणाम टिपायचे, आणि मग इतरांना नियम सांगायचे, ही त्यांची रीत होती. ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये जन्मलेला मुलगा जॅक या प्रयोगांत लहानपणापासून सामील. एकदा वडिलांनी त्याला कोळशाच्या खाणीत नेले, छताजवळ मिथेन साचला होता तिथे उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली होती, त्यामुळे लगेच शुद्धीवर आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो जन्मात विसरणार नव्हता. आजच्या बालहक्कांच्या काळात अशा बापावर गुन्हा दाखल झाला असता, आणि तो योग्यच ठरला असता.

ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांचा प्रश्न या हाल्डेन यांच्याकडे सोपवला. त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये पोलादी दाबकक्षात बकऱ्या ठेवल्या. दाब वाढवायचा, मग वेगवेगळ्या गतीने उतरवायचा. बुडबुड्यांचा त्रास झाला की बकरी पुढचा पाय उचलून धरते. ते खिडकीतून दिसते. असंख्य वेळा पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. दाब एकदम निम्म्यावर आणला तरी बहुधा अपाय होत नाही. त्याहून जास्त उतरवायचा तर मध्ये थांबावे लागते. शरीरातले काही भाग नायट्रोजन पटकन घेतात आणि पटकन सोडतात, चरबीसारखे काही सावकाश. म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक भाग कल्पून प्रत्येकाचा वेगळा हिशेब केला. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर नौदलाचे पाणबुडे या हिशेबाने दोनशे फुटांपलीकडे जाऊन सुखरूप वर आले. त्याच मोहिमेत तेरा वर्षांच्या जॅकलाही पोषाख चढवून पाण्यात सोडले होते. पोषाख मोठ्या माणसाच्या मापाचा. बाह्यांतून पाणी आत शिरू लागले. पोरगा न घाबरता हवेच्या झडपेशी खेळत पाणी गळ्याखाली ठेवून राहिला. वर काढल्यावर गारठलेल्या त्या मुलाला गुंडाळून झोपवावे लागले.

१९०८ मध्ये वडिलांनी, बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह, आपली कोष्टके प्रसिद्ध केली. आज तारकर्लीच्या प्रशिक्षकाच्या मनगटावर घड्याळासारखा संगणक असतो. त्यातली आकडेमोड पुष्कळ सुधारली असली तरी जात तीच आहे. वीस मीटरवर साधारण पाऊण तास, तीस मीटरवर जेमतेम वीस मिनिटे. तेवढ्यात परत फिरले तर मधे सक्तीने थांबावे लागत नाही. तरीही मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. वर येताना श्वास रोखायचा नाही, हा नियम सर्वांत वरचा. दहा मीटरवर भरलेली छाती रोखून वर आणली तर हवा दुप्पट होते आणि फुप्फुस फाटते. दम्याच्या रुग्णाच्या आकसलेल्या श्वासनळ्यांत हवा अडकू शकते, म्हणून फॉर्ममध्ये दम्याचा प्रश्न. पंप लपवून ठेवून हा रकाना कोरा सोडणारे तरुण मी पाहिले आहेत.

पवनारच्या मंडळींच्या बेतात नेमकी इथेच एक खोट निघाली. शेवटच्या दिवशी सकाळी बुडी, दुपारी माशाचे जेवण आणि लगेच गाडीने आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे परत, असे त्यांनी ठरवले होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. शरीरात नायट्रोजन उरलेला असताना घाट चढणे म्हणजे पुन्हा एकदा दाब उतरवणे. गोव्याहून नागपूरचे विमान धरणे तर त्याहून वाईट. एकच साधी बुडी असेल तर निदान १२ तास, रोज किंवा दिवसातून अनेकदा बुड्या मारल्या असतील तर निदान १८ तास समुद्रसपाटीलाच राहावे, असा जगभरचा प्रघात आहे. त्यांना मी एक मुक्काम वाढवायला लावला. त्या दिवशी किल्ला बघा म्हटले.

जॅक मोठा झाला. ईटनमध्ये शिकला, ऑक्सफर्डमध्ये गणित आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मय घेतले. विज्ञानाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही, ही गंमत आहे. पहिल्या महायुद्धात ते ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी होते. १९१५ मध्ये जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर वडिलांना फ्रान्सला बोलावणे आले, आणि पितापुत्र बंद खोलीत क्लोरीन हुंगत मुखवटे तपासू लागले. पुढे मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना भारतात उपचारासाठी आणले गेले. हा देश त्यांच्या मनात तेव्हाच बसला.

केंब्रिजला आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी जे काम केले त्यावर स्वतंत्र लेख लागेल. डार्विनची निवड आणि मेंडेलचे जनुक यांची गणिताने सांगड घालणाऱ्या तिघांपैकी ते एक. तिथेही शरीर प्रयोगशाळाच. रक्त आम्लधर्मी झाल्यावर श्वास कसा बदलतो ते पाहण्यासाठी ते अमोनियम क्लोराइड पाण्यात कालवून प्यायले आणि कित्येक दिवस धापा टाकत राहिले.

विदर्भातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला त्यांची एक कल्पना मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. थॅलेसेमियासारखा घातक रक्तदोष पिढ्यान् पिढ्या टिकून कसा राहतो? १९४९ च्या सुमारास हाल्डेन यांनी सुचवले की ज्यांच्यात हा दोष अर्धाच असतो, त्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत हेच दाखवून दिले. आमच्या वॉर्डात सांधे धरून विव्हळणारी सिकलसेलची मुले जेव्हा येतात, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी मलेरियाशी केलेल्या सौद्याची किंमत ती चुकवत असतात. फॉर्मवर सिकलसेलचा स्वतंत्र रकाना नव्हता. मी चौघांचीही तपासणी करून घेतली. एक जण वाहक निघाला. सिकलसेलच्या रुग्णाने स्कूबाच्या वाटेला जाऊ नये. वाहकाचे तसे नाही, पण ऑक्सिजनची कमतरता, थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे त्याला बाधू शकते, म्हणून डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय त्याने जाऊ नये. त्याची सही मी राखून ठेवली. तो नाराज झाला. होऊ दे.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात थेटिस ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. चौघे बाहेर पडू शकले, ९९ जण आत मेले. त्यात गोदीचे कामगार बरेच होते. त्यांच्या संघटनांनी हाल्डेन यांच्याकडे धाव घेतली. हाल्डेन यांनी पाणबुड्यांची सामग्री बनवणाऱ्या सीब गोर्मन कंपनीच्या पोलादी कोठीत स्वतःला कोंडून घेतले. सोबत चार जण, सगळे स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेले. स्वतःच्याच उच्छ्वासाने हवा घाण होत गेली. चौदा तासांहून अधिक काळ ते आत होते. डोके फुटेल असे दुखत होते, धाप लागत होती. मरणाऱ्या खलाशांना सुटकेच्या साध्या हालचालीही का जमल्या नसतील, हे त्यातून कळले. साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने त्यांना आधीच निकामी केले होते.

युद्ध सुरू झाल्यावर नौदलानेच त्यांना हे काम दिले. पुढली काही वर्षे ते आणि त्यांचे स्वयंसेवक एका तोकड्या पोलादी पिंपात शिरत होते, ज्यात सरळ उभे राहणेही कठीण. त्यांच्या भावी पत्नी, जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे, त्यात होत्या. स्पेनचे माजी पंतप्रधान आणि मुळात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असलेले हुआन नेग्रीन यांनीही एकदा आत बसून घेतले. दहा वातावरणांच्या दाबाखाली, म्हणजे नव्वद मीटर खोलीच्या बरोबरीने, साधी बेरीज-गुणाकार करायला द्यायचे, चिमट्याने छोट्या गोळ्या एका भोकातून दुसऱ्या भोकात टाकायला लावायचे. शहाणीसुरती माणसे आत गेल्यावर खिदळू लागत, चिडत, हिशेब चुकवत. गमतीचा आणि भीतीचा भाग असा की आपले चुकते आहे हे त्यांना आत असताना कळत नसे. नायट्रोजन दाबाखाली भुलीच्या औषधासारखा वागतो.

ही भूल सौम्य रूपात तीस मीटरच्या आसपासच चढू लागते. म्हणूनच हौशी पाणबुड्याला प्राथमिक कोर्सनंतर १८ मीटर, पुढच्या कोर्सनंतर ३० मीटर आणि काही झाले तरी ४० मीटर अशी मर्यादा घालतात. आणि म्हणूनच बुडीचा बेत कोरड्या जमिनीवर, पाटीवर लिहून करतात: किती खोल, किती वेळ, टाकीत किती हवा उरली की परतायचे, जोडीदार दिसेनासा झाला तर काय. खाली सुचलेला बदल कितीही शहाणपणाचा वाटला तरी आणखी खोल किंवा आणखी वेळ जायचे नाही. आंग्रियासारख्या ठिकाणी तर वीस मीटरचा माथा सोडून कड्यावरून चार हात खाली गेले की तीस कधी आले ते कळणार नाही.

ऑक्सिजनचा प्रयोग सर्वांत महाग पडला. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन काही मिनिटांत झटके आणतो. हाल्डेन यांना ते आले, इतक्या जोराचे की पाठीचे मणके दबले. ते दुखणे जन्मभर पुरले. हवेच्या नव्हे तर हेलियमच्या मिश्रणाच्या प्रयोगात बुडबुड्यांनी गाठले आणि कमरेखालच्या काही भागाची संवेदना कायमची कमी झाली. कानाचे पडदे फाटले ते वेगळेच. पडदा सहसा भरून येतो, आणि भोक राहिलेच तर सिगारेटचा धूर कानातून सोडून लोकांची करमणूक करता येते, अशी थट्टा ते करत. धूर सोडण्याची हौस नसलेल्यांनी सर्दी झालेली असताना पाण्यात उतरू नये. नाक दाबून कान मोकळा होत नसेल तर एक मीटरही खाली जाऊ नये. हे कारण क्षुल्लक वाटते, पण नव्या पाणबुड्यांना सर्वाधिक इजा कानालाच होते.

तोच ऑक्सिजन पाण्याबाहेर मात्र औषध आहे. बुडबुड्यांचा संशय आला की आडवे झोपवून मुखवट्याने शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि दाबकक्ष गाठायचा. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर असलेल्या बोटीने हे अंतर आधीच मोजलेले असावे. बोटीवर ऑक्सिजन किती तासांचा आहे, असे विचारल्यावर जो आयोजक उत्तराऐवजी हसेल, त्याच्याबरोबर जाऊ नये.

हाल्डेन यांना संतपद देण्याचा माझा विचार नाही. दुसऱ्यांच्या जिवापेक्षा स्वतःचा जीव आधी पणाला लावणारा हा माणूस कट्टर कम्युनिस्ट होता, आणि स्टालिनच्या रशियात लायसेन्कोने जनुकशास्त्र गाडले, वाविलोवसारखा शास्त्रज्ञ तुरुंगात मेला, तरी ते बराच काळ गुळमुळीत बोलत राहिले. पोलादी पिंपात स्वतःच्या मेंदूवर विश्वास न ठेवता आकडे पाहणाऱ्याने इथे आकडे पाहिले नाहीत. उशिरा का होईना, ते पक्षापासून दूर झाले.

१९५७ मध्ये ते हेलन यांच्यासह भारतात आले ते कायमचे. सुवेझवरच्या ब्रिटिश हल्ल्याचा निषेध हे एक कारण त्यांनी दिले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, धोतर-कुडता घालू लागले, मांसाहार सोडला, वृत्तपत्रांत सामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहिले. महागडी यंत्रे नसली तरी चालतील, पक्षी, झाडे आणि माणसे नीट मोजा, असे ते भारतीय विद्यार्थ्यांना सांगत. १९६१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. त्या संस्थेशी बिनसल्यावर ओडिशा सरकारच्या निमंत्रणावरून भुवनेश्वरला प्रयोगशाळा थाटली.

१९६३ च्या अखेरीस त्यांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे कळले. लंडनला शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातच त्यांनी या रोगावर एक विनोदी कविता लिहून छापली. तिचा मतलब असा की शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नका, लवकर दाखवा. आमच्या ओपीडीत आजही हे रोज सांगावे लागते. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते वारले. मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे त्यांचा देह आंध्रमधल्या काकिनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला देण्यात आला.